बासष्टीनंतर न्यायमूर्तींनी घरी बसावे काय?

काळा डगला: "उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींनी ६२ व्या वर्षी मुकाट घरी जावे, ६५ ची मागणी हा निव्वळ खुर्चीचा मोह आहे," असे काल येथे कोणी लिहिले, आणि तीस वर्षे वकिली केलेल्या मला गप्प बसवेना. १९६३ च्या पंधराव्या घटनादुरुस्तीने ६० चे ६२ झाले, त्यानंतर आपण तेथेच आहोत. सर्वोच्च न्यायालयात मात्र ६५. दिल्लीच्या हवेत बुद्धी तीन वर्षे अधिक टिकते, असे कोणत्या वैद्याने सांगितले? २०१० मध्ये आलेले वयवाढीचे विधेयकही २०१४ मध्ये लोकसभेबरोबरच निकालात निघाले.

पक्षकार: ते मीच लिहिले होते, आणि मागे घेत नाही. न्यायमूर्तींनी निवृत्तीनंतर सरकारी पद घेऊ नये, अशी शिफारस १९५८ च्या विधी आयोगाच्या अहवालात होती. त्या आयोगाचे सदस्य असलेले मुंबईचे मुख्य न्यायमूर्ती छागला त्याच वर्षी राजदूत होऊन अमेरिकेला गेले. आणखी तीन वर्षांनी हा मोह सुटेल, असे आपणास खरेच वाटते?

कृष्णाकाठ: वयाचे आपण पाहून घ्या, मी अंतराविषयी बोलतो. वडिलांच्या जमिनीच्या दुसऱ्या अपिलासाठी आम्ही रात्रभर एसटीने मुंबई गाठायचो आणि संध्याकाळी कळायचे, की बोर्ड, म्हणजे त्या दिवसाच्या खटल्यांची यादी, आमच्या अपिलापर्यंत पोहोचलेच नाही. एकदाची सुनावणी अर्ध्यावर आली, तर न्यायमूर्ती निवृत्त झाले आणि सगळे पुन्हा पहिल्यापासून! १८ ऑगस्ट २०२५ ला मुंबई उच्च न्यायालयाचे कोल्हापूरचे सर्किट बेंच (फिरते खंडपीठ) सुरू झाले, तेव्हा वडील हयात नव्हते.

सिद्धेश्वर: आपल्या वडिलांविषयी आदर राखून विचारतो, सोलापूरला कोल्हापूर बेंचच्या सहा जिल्ह्यांत ढकलताना आम्हाला कोणी विचारले होते काय? रात्री सिद्धेश्वर एक्स्प्रेसमध्ये बसलेला आमचा माणूस सकाळी मुंबईत उतरत असे.

कृष्णाकाठ: मग सिंधुदुर्गाने आपल्या गाडीच्या सोयीसाठी मुंबईच धरून बसावे, असेच ना? चाळीस वर्षांहून अधिक काळ आमचे वकील आंदोलने करत होते, तेव्हा आपण कोठे होतात?

काळा डगला: भांडण आवरा. कृष्णाकाठ यांच्या वडिलांच्या अपिलानेच माझा मुद्दा सिद्ध केला आहे: ते न्यायमूर्ती ६५ पर्यंत राहिले असते, तर सुनावणी पुरी झाली असती.

पक्षकार: किंवा ६५ व्या वर्षी अर्धवट राहिली असती. मुंबई उच्च न्यायालयातील न्यायमूर्तींची मंजूर ९४ पदे आधी पूर्ण भरा, मग वय वाढवा. तरीही वाढवायचेच असेल, तर निवृत्तीनंतरची सरकारी नेमणूक कायद्याने बंद करा. त्या अटीवर मी आपल्या ६५ ला हात वर करीन, अगदी आनंदाने नव्हे.

काळा डगला: आपली कृपा झाली.