बाईक क्लबची एकदिवसीय राईड: वीस गाड्यांची सलग रांग, की फाट्याफाट्यावर माणूस?

बालाघाट_३५०
लातूर–अंबाजोगाई–केज–धारूर–तेलगाव–सिरसाळा–परळी आणि अंबाजोगाईवरून परत लातूर. अडीचशे किलोमीटरच्या आसपास, डिसेंबरातला रविवार, वीस गाड्या. यावरून क्लबात दोन तट पडलेत. एक तट म्हणतो, पुढे लीड (वाट दाखवणारा), मागे स्वीप (सगळ्यात शेवटी राहून कोणी मागे सुटत नाही ना बघणारा) आणि मधले सगळे रांगेत. दुसरा म्हणतो, ज्याने त्याने आपल्या चालीने चालवावं आणि वळायच्या प्रत्येक फाट्यावर एकाला उभं करावं. मी दुसऱ्या तटात आहे, का ते सांगतो.

डावी-उजवी अशी एकाआड एक रांग धरली तर तिरक्या समोरच्या गाडीपासून १ सेकंद आणि आपल्याच ओळीतल्या गाडीपासून २ सेकंद अंतर लागतं. ताशी ६० ला १ सेकंद म्हणजे जवळपास १७ मीटर. वीस गाड्यांत १९ फटी, म्हणजे सव्वातीनशे मीटर लांबीची रांग झाली. दुपदरी रस्त्यावर मागून आलेली एसटी ही रांग एका दमात ओलांडूच शकत नाही. समोरून ट्रक आला की ती मध्ये घुसणार, आणि जिथे घुसेल तिथला माणूस साईडपट्टीवर जाणार.

दुसरं दुखणं गतिरोधकाचं. लीड ६० वरून २० वर येतो, गतिरोधक पार करतो आणि पुन्हा ६० धरतो. शेवटचे तेव्हा अजून गतिरोधकाच्या अलीकडेच असतात. पडलेली फट भरायला त्यांना ८०-९० लागतात. प्रत्येक गावात हेच. आणि बहुतेक क्लबांत नवखे मागेच असतात. म्हणजे सगळ्यात कच्चा माणूस सगळ्यात जोरात!

फाट्याची पद्धत साधी आहे. लीड फाट्याच्या अलीकडे हाताने जागा दाखवतो, दोन नंबरचा तिथे थांबतो. डांबराच्या बाहेर, वळायच्या दिशेचा इंडिकेटर चालू ठेवून. स्वीप दिसला की त्याच्या पुढे लागायचं. पुढच्या फाट्याला दोन नंबरवर जो असेल तो थांबतो. कोणी चुकत नाही, कोणाला पळावं लागत नाही.

स्वीप_कायमचा
कागदावर झकास. आता रस्त्यावर या.

फाट्यावरचा माणूस तासभर जागेवर राहत नाही. मागे पंक्चर झालं की स्वीप तिथे अडकतो. फाट्यावरच्याला काही कळत नाही, घाटाकडे रेंजचा भरवसा नाही. मग तो कंटाळून निघतो, किंवा तसलंच जॅकेट घातलेला दुसराच कोणी गेला की त्याला स्वीप समजून निघतो. एक माणूस हलला की मागचे सगळे केजहून धारूरकडे न वळता सरळ मांजरसुंब्याला.

आणि "डांबराच्या बाहेर" म्हणजे कुठे? आपल्याकडे साईडपट्टी म्हणजे काळी माती. डांबराची कड कुठे कुठे वीतभर उंच. ओलावा असला की साईड स्टँड रुतला आणि गाडी आडवी. बरोबर स्टँडखाली घालायला चपटी प्लेट ठेवायला सांगा, नाहीतर बाटलीची टोपणं शोधत बसतील.

"आपली चाल" हा शब्द तर गोडच आहे. त्याचा अर्थ पहिल्या अर्ध्या तासात शर्यत असा होतो. धारूरचा घाट अरुंद आहे, वळणावर ट्रकला अख्खा रस्ता लागतो. शिवाय हंगाम गाळपाचा. तेलगावला साखर कारखाना आहे, डबल ट्रॉलीचे ट्रॅक्टर ऊस घेऊन रांगत असतात. आपल्या चालीने निघालेला गडी त्यांना वळणावरच ओलांडतो.

तुमचा हिशोब बरोबर आहे, पण तो रांगेच्या विरोधात नाही, वीसच्या विरोधात आहे. ७, ७ आणि ६ असे तीन गट करा, मध्ये पाच मिनिटांचं अंतर ठेवा. सात गाड्या म्हणजे १०० मीटर. एसटी निघून जाते. नवखा मागे नाही, लीडच्या लगेच मागे. चाल त्याच्यावरून ठरते.

बाभूळकाटा
तीन गट म्हणजे तीन स्वीप, आणि तिघांनाही चाक खोलता आलं पाहिजे. आहेत का तेवढे? बहुतेक क्लबांत एकाच माणसाच्या बॅगेत सगळी हत्यारं असतात आणि तो नेमका पुढच्या गटात असतो.

ट्यूबलेसला रीमर (भोक साफ करायचा टोच्या), स्ट्रिप (भोकात कोंबायची रबरी पट्टी) आणि पंप असला की दहा मिनिटांत काम होतं. तारांच्या चाकाची ट्यूब म्हणजे अर्धा तास धरा. दोन टायर लिव्हर (टायर रिमवरून उचकटायच्या पट्ट्या), ॲक्सलच्या मापाचा पाना, पक्कड, साबणाचं पाणी, पुढची आणि मागची वेगळी ट्यूब. इकडे पंक्चर बहुतेक बाभळीच्या काट्याचं. काटा वरून उपटला तरी टोक टायरच्या आत मोडून राहतं. तशीच नवी ट्यूब घातली की थोड्या वेळाने तीही बसते. म्हणून टायरच्या आतून सुती फडकं फिरवायचं, बोट नाही. धागा अडकेल तिथे टोक आहे. ते आतूनच पक्कडीने ओढायचं. ट्यूबमध्ये थोडी हवा भरून मगच टायर चढवा, नाहीतर लिव्हरखाली चिमटते.

टाकी_फुल्ल
रांगेवरून भांडण कामून करायलेत? दिवस पंपावर जातो. एका गाडीला दोन मिनिटं धरली तर वीस गाड्यांना एका नोझलवर चाळीस मिनिटं. आदल्या रात्री टाक्या भरून आणा, चेन ताणून आणा. चहाला एका टपरीवर वीस जण उतरले की पाऊण तास गेलाच. डिसेंबरात पावणेसहाच्या सुमाराला सूर्य बुडतो, आणि ट्रॉल्यांना मागे लाईट नसतो. परळी साडेतीनला सुटली पाहिजे, जेवण अर्धवट राहिलं तरी.

बालाघाट_३५०
@स्वीप_कायमचा, फाट्यावरचा निघून जातो हे मान्य. त्यावर उपाय आहे: स्वीपला नारिंगी जाळीचं बनियन, दुसऱ्या कोणालाही नाही. पंक्चरला स्वीपबरोबर आणखी एक गाडी थांबवायची. ती पुढे जाऊन फाट्यावरच्याला सांगते, म्हणजे फोनच्या रेंजची गरजच उरत नाही. शर्यत करणाऱ्याला रांगेतही आवरता येत नाही, तो रांगेतूनच ओलांडतो. आणि घाटात एकाआड एक रांग तुम्हीही धरणार नाही. वळणावर झुकायला पूर्ण लेन लागते. तिथे एकेरीच, २ सेकंदांहून जास्त अंतर. मग डोंगरात तुमची रांग उरलीच कुठे?

स्वीप_कायमचा
एकेरी असली तरी रांगच. ओलांडायचं नाही हा नियम घाटात सगळ्यात जास्त लागतो. सातच्या गटात तो पाळला जातो, मोकळ्या सोडलेल्या विसात नाही.

केज आणि तेलगाव, या दोन ठिकाणी माणूस उभा करायला माझी हरकत नाही. बाकी फाटे गटाच्या लीडला तोंडपाठ हवेत. तीन स्वीप कुठून आणायचे या @बाभूळकाटाच्या प्रश्नाला मात्र माझ्याकडे दोनच नावं आहेत. तिसरा मिळाला नाही तर दहा-दहाचे दोन गट, त्याहून मोठा नाही.

बाभूळकाटा
दहा चालतील, पण ट्यूबवाल्या गाड्या एकाच गटात ठेवा आणि हत्यारं त्याच स्वीपकडे द्या. आणखी एक: परळीच्या औष्णिक केंद्राची राख नेणारे टिप्पर भेटतील. त्यांच्या मागे चिकटायचं नाही. हेल्मेटच्या काचेवर राख बसली तर कोरड्या फडक्याने पुसू नका, ओरखडे पडतात आणि संध्याकाळी समोरच्या दिव्यांचा उजेड काचभर पसरलेला दिसतो. आधी पाणी ओता, मग पुसा.