‘पेरिमेनोपॉज’ला मराठीत नेमकं काय म्हणायचं?

गंगाकाठची
वय ३९, मुक्काम इंदिरानगर, नाशिक. वर्षभर पाळीचा काही मेळ नाही. कधी तीन आठवड्यांत हजर, कधी दोन-दोन महिने पत्ता नाही. रात्री मान-पाठ घामानं ओली होते, पहाटे तीनला झोप उडते आणि रोजच्या माणसांची नावं ऐन वेळी आठवत नाहीत. दवाखान्यात गेले आणि सांगितलं, “पाळी जायला आलीय बहुतेक.” उत्तर आलं, “येतेय ना अजून? मग जाईल कशी? वय काय तुमचं!” लोहाच्या गोळ्या घेऊन परत.

लीसेस्टरला राहणारी मावसबहीण माझ्याहून थोडीच मोठी. तिनं ‘पेरिमेनोपॉज’ म्हटलं आणि तिथून पुढे बोलणं झालं. आता ती इस्ट्रोजेनचं जेल लावते, रात्री प्रोजेस्टेरॉनची गोळी घेते. आपल्याकडे लेखांत ‘रजोनिवृत्तिपूर्व काळ’ असं वाचते. आई ‘पाळी जाणं’ म्हणते, आजेसासूबाई ‘विटाळ फिटला’. यातलं डॉक्टरांपुढे काय चालेल? आणि ‘हार्मोन रिप्लेसमेंट’ला काय म्हणता?

त्र्यंबककर
आधी व्याकरण. रजस् आणि निवृत्ती मिळून रजोनिवृत्ती, मनोरंजनासारखाच संधी. समासात ‘ति’ ऱ्हस्व, तो तुम्ही बरोबर लिहिलात. (आमच्याकडे निवृत्ती म्हटलं की आधी निवृत्तिनाथ, मग पेन्शन. हा तिसरा अर्थ कुणाच्या डोक्यातही येत नाही.)

पण माझी हरकत ‘पूर्व’ला आहे. शेवटची पाळी होऊन १२ महिने कोरडे गेले की रजोनिवृत्ती झाली असं धरतात, आणि पेरिमेनोपॉज ते १२ महिने पोटात घेतो. म्हणजे तो काळ शेवटच्या पाळीच्या अलीकडेही आहे आणि पलीकडेही. ग्रीकमधला ‘पेरी’ म्हणजे भोवताली, आपला ‘परि’ त्याचाच भाऊ. श्रावणात ब्रह्मगिरीची परिक्रमा करतो तोच. तेव्हा शुद्ध शब्द ‘परिरजोनिवृत्ती’. तो बोलून दाखवणाऱ्याला माझ्याकडून चहा.

ओपीडीतून
चहा तुम्हीच घ्या काका. परिरजोनिवृत्ती म्हणणारी पेशंट मला आजवर भेटलेली नाही.

ताई, तुमची फसगत ‘जाणे’ या क्रियापदानं झालीय. ‘पाळी गेली’ म्हणजे संपली. पण ‘अंगावरून फार जातंय’ म्हणजे रक्तस्राव जास्त होतोय. ‘पांढरं जातंय’ हे तिसरंच. दिवसभर हे ऐकणाऱ्या डॉक्टरच्या कानात ‘जायला आलीय’ हे नुसतं अनुमान ठरतं, तक्रार ठरत नाही. तुम्ही निष्कर्ष सांगितलात आणि तुमच्या वयाकडे पाहून त्यांनी तो खोडला. त्यांनीही पुढे विचारायला हवं होतं, हे आहेच.

वयाचंही सांगते. भारतात पाळी सरासरी ४६-४७ च्या सुमारास थांबते, पाश्चात्त्य देशांत ५१ च्या आसपास. आपल्याकडे गडबड आधी सुरू होते, त्यामुळे ‘एवढ्या लवकर?’ हा प्रश्न आपल्या बायकांना लागू करताना जरा थांबावं. ४० ते ४५ मध्ये पाळी थांबली तर ‘लवकर आलेली रजोनिवृत्ती’ म्हणतात. चाळिशीच्या आतलं मात्र वेगळं प्रकरण: तिथं बीजकोषांचं (ओव्हरींचं) काम मंदावलेलं असू शकतं, आणि ते अधूनमधून पुन्हा चालूही होतं. ४५ नंतर लक्षणांवरूनच निदान होतं, रक्त तपासायची सहसा गरज नसते. तुमच्या वयात एफएसएच (बीजकोषांना चालना देणारं हार्मोन, रक्तात मोजतात) तपासतात, बरेचदा चार-सहा आठवड्यांनी पुन्हा, कारण तो आकडा वरखाली होतो. त्याआधी थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि गरोदरपणाची चाचणी. शेवटचीला हसू नका.

पिंपळगावची सून
आमच्या घरात ‘हार्मोन’ हा शब्द काढायची सोय नाही! द्राक्षबागेत हार्मोन म्हणजे जीए (जिबरेलिक ॲसिड), मण्यांच्या फुगवणीला मारतात ते. मी म्हटलं डॉक्टर हार्मोन देणार आहेत, तर सासरे गंभीरपणे म्हणाले, “बाईमाणसाला कशाला ते, अंग फुगंल.” शेतीच्या पुस्तकांत त्याला ‘संजीवक’ म्हणतात. किती चांगला शब्द, आणि मिळाला द्राक्षाला!

त्र्यंबककर
माणसासाठी ‘संप्रेरक’ आहे, तोही वाईट नाही. १९०५ साली स्टार्लिंगनं ‘हार्मोन’ हा शब्द वापरात आणला तो ‘चालना देणे’ या अर्थाच्या ग्रीक धातूवरून. संप्रेरकात तीच प्रेरणा आहे. पण बोलताना हार्मोनच म्हणा, औषधवाल्यालाही तेच कळतं.

ओपीडीतून
सासऱ्यांना सांगा, या वयात वजन वाढतं त्याला वय, झोप आणि कमी होणारे स्नायू जबाबदार असतात, हार्मोनवर ते ढकलता येत नाही.

आता ‘रिप्लेसमेंट’. ‘हार्मोन बदलणे’ असं कुणी लिहिलेलं दिसलं तर खोडा. चाळिशीच्या आत बीजकोष थकले असतील तर ही खरोखर ‘भरपाई’ आहे: शरीरात असायला हवं होतं ते परत द्यायचं, आणि नैसर्गिक रजोनिवृत्तीच्या वयापर्यंत देत राहायचं, कारण प्रश्न नुसत्या घामाचा नसून हाडांचा आणि हृदयाचाही असतो. पन्नाशीच्या बाईला तेच औषध त्रास कमी करायला देतात, म्हणून हल्ली ‘रिप्लेसमेंट’ गाळून नुसतं ‘हार्मोन उपचार’ म्हणायची पद्धत पडलीय. मला स्वतःला तरुण बाईसाठी ‘भरपाई’ आवडतो. भरपाई मागताना कुणी ओशाळत नाही.

भीती आहे ती बहुतेक २००२ च्या अमेरिकी अभ्यासातून आलेली. त्यातल्या बायका ५० ते ७९ वयाच्या, सरासरी वय ६३. त्यांना कर्करोगाचा, गुठळ्यांचा जो धोका दिसला तो उचलून ३९ च्या बाईला लावता येत नाही. म्हणून मनानं सुरू करायचं असंही नाही. स्तनाचा कर्करोग होऊन गेलेला, रक्तात गुठळी झालेली, यकृताचा आजार, कारण न कळलेला रक्तस्राव, यात हे देत नाहीत किंवा फार जपून देतात. गर्भाशय असेल तर इस्ट्रोजेन एकटं द्यायचं नाही, सोबत प्रोजेस्टेरॉन हवंच, नाहीतर गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग होऊ शकतो. जेल किंवा पट्टीतून गेलेल्या इस्ट्रोजेनमुळे गुठळीचा धोका तोंडी गोळीपेक्षा कमी. आणि या उपचारानं गर्भ राहायचा थांबत नाही! त्यासाठी कमी मात्रेच्या गर्भनिरोधक गोळ्या किंवा हार्मोनची तांबी.

त्र्यंबककर
हार्मोनच्या तांबीत तांबं असतं?

ओपीडीतून
अजिबात नाही. कॉपर-टीला तांबी म्हणायची सवय लागली, ती हिलाही चिकटली. नाव सोडा, जास्त जाणाऱ्या पाळीवर ती फार कामाची आहे.

सिन्नरकरीण
‘पिशवी काढली’ या शब्दाचंही कुणीतरी लिहा. माझ्या जावेची ३६ व्या वर्षी काढली. पाळी बंद, म्हणून सगळ्यांनी धरलं की ‘गेली’. दोन वर्षांनी वाफा (अंगातून एकदम गरम उसळणं) सुरू झाल्या तर म्हणे आता कसल्या, तुझं तर कधीच संपलं.

ओपीडीतून
फार महत्त्वाचं विचारलंत. पिशवी म्हणजे गर्भाशय. हार्मोन तिथं तयार होत नाहीत, ते बीजकोषांत होतात. बीजकोष ठेवले असतील तर पाळी न येताही हा सगळा काळ यथावकाश येतो, फक्त तारखांची खूण नसते. दोन्ही बीजकोष काढले असतील तर रजोनिवृत्ती ऑपरेशनच्या दिवशीच झाली, आणि ३६ व्या वर्षी भरपाईचा विचार व्हायलाच हवा होता. ‘पिशवी काढली’ यातून दोन्हींतलं काहीच कळत नाही. जावेचं डिस्चार्ज कार्ड शोधा, त्यावर असतं.

गंगाकाठची
म्हणजे मी ‘पाळी जायला आलीय’ऐवजी काय म्हणू? एक वाक्य द्या.

ओपीडीतून
“वर्षभर पाळी अनियमित आहे, या तारखा. रात्री घाम येतो, झोप लागत नाही. पेरिमेनोपॉज असेल का, आणि माझं वय चाळिशीच्या आत असल्यानं एफएसएच तपासायचं का?” तीन वाक्यं झाली, चालवून घ्या. आई-मावशीची पाळी कितव्या वर्षी थांबली तेही विचारून जा.

गंगाकाठची
आईला आत्ताच विचारलं. म्हणाली, “एक्केचाळीस. तेव्हा कुणाला सांगणार होते?” तारखा लिहायला घेतल्यात. ‘वाफा’ लिहू की ‘हॉट फ्लश’?

पिंपळगावची सून
वाफा लिहा ताई. डॉक्टर नाशिकचेच आहेत ना.