पिवळा ठेवायचा की हिरवा?

मी: अण्णा, आत्या, ताई, जरा सवडीनं वाचा. दसऱ्याच्या आधी आम्ही घर बदलतोय. नव्या घराचं गॅरेज दोनच गाड्यांचं आहे. माझे दोन्ही जुने बागेचे ट्रॅक्टर तिथं बसत नाहीत, आणि गाडी बाहेर ठेवावी तर इथं अमेरिकेत मॅडिसनला जानेवारीत पारा उणे 20 च्या खाली जातो. एकच ठेवता येईल. तीन आठवडे झाले, माझं काही ठरत नाहीये.

ताई: बागेचा ट्रॅक्टर म्हणजे गवत कापायचा तोच ना?

मी: तोच, पण आताच्या पत्र्याच्या यंत्रांसारखा नाही. 1960 च्या दशकातले आहेत हे. इंजिन बिडाचं. खाली गवताचं पातं, पुढं बर्फ ढकलायचं फाळकं, मागं छोटा नांगरसुद्धा लागतो. हिरवा आहे जॉन डिअर 110, 1965 चा, 8 हॉर्सपॉवर. पिवळा कब कॅडेट 100, त्याच सुमाराचा, 10 हॉर्सपॉवर. इंजिन दोन्हींना कोहलरचं, एक सिलिंडर, पेट्रोलवर.

अण्णा: हालत सांग दोन्हीची. फोटोत सगळंच चांगलं दिसतं.

मी: पिवळा सुरू होतो, पण चढाला निळा धूर टाकतो. पिस्टनच्या रिंगा गेल्या असणार, उघडून बघितलं नाही. त्याला पट्टा नाही, इंजिनपासून थेट शाफ्ट मागं गिअरबॉक्सला. त्या कपलिंगच्या पिनांची भोकं लांबट झालीत, क्लच सोडला की कट्ट असा आवाज येतो.
हिरव्याचं इंजिन ठणठणीत. त्याची चाल पट्ट्यावर. मध्ये एक पुली आहे, लिव्हर ओढली की तिची खोबण रुंद-अरुंद होते आणि चालता चालता वेग बदलतो. त्या पुलीच्या आसाचं बुश झिजलंय, म्हणून लिव्हर जागेवर राहत नाही. पायाखालचा पत्राही कुजलाय.

अण्णा: मग ह्यात ठरवायचं काय? शाफ्टवाला ठेव. बर्फात पट्टा ओला झाला की घसरणार. निळा धूर म्हणजे हाफ इंजिनचं, रिंगा बदलायचं काम, ते करून घेता येतं.

मी: अण्णा, खरं सांगतो. पिवळा घेतला तो त्याच्या पुढच्या बिल्ल्यासाठी. काळा एच, मधोमध लाल आय. इंटरनॅशनल हार्वेस्टर. आपल्या बी-275 ट्रॅक्टरवर ह्याच कंपनीचं नाव होतं. 1963 साली ह्यांनी महिंद्रा आणि व्होल्टासबरोबर मिळून आपल्याकडं इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी काढली, आप्पांचा ट्रॅक्टर तिथलाच, कांदिवलीच्या कारखान्यातला. माझा पिवळा केंटकीमधल्या लुइव्हिलचा. इथल्या एका शेतकऱ्याच्या शेडमध्ये उभा होता, वर बोटभर धूळ. बिल्ला बोटानं पुसला आणि तिथंच पैसे मोजले. इंजिन सुरू करून बघायचंही सुचलं नाही.

आत्या: बाळा, हे तू कधी बोलला नाहीस.
बी-275 दारात आला तेव्हा आईनं बोनेटला हळदीकुंकू लावलं, अख्खी आळी बघायला. नांगरट झाली की आप्पा ओल्या गोणपाटानं ट्रॅक्टर पुसायचे, बिल्ला तेवढा धोतराच्या सोग्यानं. विकला त्या रात्री जेवले नाहीत. गोठ्यामागं बसून राहिले. पिवळाच ठेव.

वहिनी: आत्या, डोळ्यांत पाणी आलं वाचून.

ताई: माझंही मत पिवळ्यालाच.

सोन्या: अण्णाकाका, आत्याआजी, मला हिरवा पाहिजे. मी टाईप करतोय, चुकलं तर सांगा.
हिरवा आधी सुरूच होत नव्हता. बाबांना वाटलं कॉइल गेली. इंजिनच्या बाजूला झाकणाखाली ठिणगीसाठी उघड-बंद होणारे पॉइंट असतात, एक बारीक दांडी त्यांना ढकलते. त्या दांडीचं भोक झिजून तेल पॉइंटवर येत होतं, म्हणून ठिणगी पडत नव्हती. ते मी शोधलं. पॉइंट घासले, 20 थाऊची फट ठेवली, थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. मग लगेच सुरू झाला. आणि तो हॉरिकॉनला बनलाय. ते आमच्यापासून गाडीनं तासाभरावर आहे.

अण्णा: फट कशानं मोजलीस?

सोन्या: फीलर गेजनं. पहिल्यांदा चुकली. पॉइंट सगळ्यात जास्त उघडतात तिथपर्यंत इंजिन हातानं फिरवलं नव्हतं.

अण्णा: शाब्बास. नेमकं तिथंच चुकतं. माझ्या राजदूतचे पॉइंट असेच, दर पावसाळ्याला उघडून बसायचो.
बाळू, एक काम कर. पिवळा सुरू कर, थोडा चढाला घाल आणि आवाज रेकॉर्ड करून पाठव.

मी: [ध्वनिफीत, 0:41]

आत्या: अण्णा, ऐकलं का रे? काही बोलला नाहीस.

अण्णा: तीनदा ऐकलं. रानात होतो, बांधावर बसून ऐकलं.
हा आपला आवाज नव्हे बाळू. आपलं चार सिलिंडरचं डिझेल. फाळ जमिनीत गेला की खर्जात उतरायचं, वस्तीवर बसून कळायचं आप्पा कुठल्या तासाला आहेत. हे फटफट चालतंय. इंजिन चांगलं आहे, वाईट म्हणत नाही. पण बिल्ल्याखाली ते नाही जे तू शोधतोयस.
तू ह्याचं काम किती केलंस आजवर?

मी: काहीच नाही. दोन वर्षांत एक बोल्ट खोलला नाही. जातो, बघतो, परत येतो.

अण्णा: मग हिरवा ठेव. पट्ट्याचं बोललो ते मागं घेतो. बुश पितळेचं करून घे लेथवर, टर्नरला जुना आस दे मापाला, नवीन माप कागदावरून देऊ नको. पोराला शेजारी उभा कर.

आत्या: मला वाईट वाटतंय, पण अण्णा म्हणतो ते पटलं. पिवळा भंगारात मात्र देऊ नकोस.

मी: नाही आत्या. इथं बरेच जण असे ट्रॅक्टर फोडून सुटे भाग विकतात. गिअरबॉक्स एकाला, स्टार्टर दुसऱ्याला, चाकं तिसऱ्याला. पैसे जास्त मिळतात, पण तशाला द्यायचा नाही. पलीकडच्या गावात एक निवृत्त मास्तर आहेत, त्यांच्याकडं कब कॅडेटच आहेत, शेतावर रोज चालवतात. रिंगा ते स्वतः घालणार. शनिवारी घेऊन जातील.

ताई: मग बिल्ला तरी काढून घे. गावाला पाठव, आप्पांच्या फोटोजवळ ठेवू.

अण्णा: अजिबात नको. ज्याचा आहे त्याच्यावर राहू दे. फोटो पाठव, जवळून.

सोन्या: फोटो मी काढतो. पुसून काढू की धूळ तशीच?

आत्या: पुसून काढ राजा. मऊ फडक्यानं.

सोन्या: ओके. आत्याआजी, दसऱ्याला हिरव्याची पूजा करायची आहे. हळदीकुंकू कुठे लावतात?

आत्या: बोनेटवर, समोर, पाच बोटं. स्टेअरिंगला झेंडूची माळ घाल. पुढच्या चाकाखाली लिंबू ठेव आणि मग बाबांना म्हण, सुरू करा.

सोन्या: बाबा नाही. मी सुरू करणार.

आत्या: बरं, तूच कर.