मदत हवी आहे: १९०३ च्या मोटार सफरीत खरं किती, जाहिरात किती?

मंडळी, दिवाळी अंकासाठी जुन्या मोटार सफरींवर लिहितोय आणि पहिल्याच गाडीपाशी घोडं अडलंय.

होरेशिओ नेल्सन जॅक्सन हा व्हरमाँटचा डॉक्टर. ५० डॉलरच्या पैजेवर, क्रॉकर नावाच्या मेकॅनिकला घेऊन २३ मे १९०३ ला विंटन गाडीतून सॅन फ्रान्सिस्कोहून निघाला आणि २६ जुलैला न्यूयॉर्कला पोचला. मोटारीने अमेरिका आरपार करणारे हे पहिले, याबद्दल वाद नाही.

पण खर्च कंपनीनेच केला, मधलं अंतर रेल्वेने कापलं, अशा वावड्या तेव्हाच उठल्या. 'सिद्ध करा, १०,००० डॉलर न्या,' असं विंटन कंपनीने जाहीर केलं. कुणी पुढे आलं नाही. पण ही घोषणा हीच फुकटात फर्मास जाहिरात झाली की! त्यात मालक अलेक्झांडर विंटन १९०१ मध्ये याच सफरीला निघून नेवाडाच्या वाळूत रुतला होता. उलट बाजूने, जॅक्सनची सासुरवाडी गडगंज. त्याला कंपनीच्या पैशाची गरज नव्हती.

आता बड. डोळ्यांवर गॉगल लावून गाडीत बसणारा कुत्रा. एक बातमी म्हणते, तो चोरून आणला. जॅक्सन मात्र बायकोला पत्रात लिहितो की १५ डॉलर मोजून घेतला. मला पत्र पटतं. बायकोला खर्च वाढवून कोण सांगेल?

घरच्यांना मोटार बघायला मिळावी म्हणून एका बाईने मुद्दाम चुकीचा रस्ता दाखवला, हा किस्सा मात्र खुद्द जॅक्सनच्याच तोंडचा. असे किस्से घ्यावेत का? आणि एकच बातमी दहा पेपरांत असेल तर तिचं वजन किती धरायचं?

प्रतिसाद:
तारेने आलेली बातमी दहांनी छापली तरी साक्षीदार एकच. वाटेवरच्या गावांचे पेपर बघा. गाडी त्या दिवशी तिथे होती का, एवढं तरी पक्कं होईल. लायब्ररी ऑफ काँग्रेसचा 'क्रॉनिकलिंग अमेरिका' हा संग्रह फुकट आहे. जॅक्सन आडनावाचे ढीगभर निघतील, म्हणून गाव आणि तारीख टाकून शोधा. त्याच उन्हाळ्यात निघालेली पॅकार्ड या दुसऱ्या मोटार कंपनीची सफरही शेजारी ठेवून वाचा. तिथे चालक टॉम फेचबरोबर मारियस क्रारप हा पत्रकार कॅमेरा घेऊनच बसला होता. कंपनीची सफर कशी दिसते ते लगेच कळेल. बाईचा किस्सा गाळू नका, फक्त 'जॅक्सन सांगतो' हे दोन शब्द जोडा.