अंगणात शेपूट थरथरवणारा पक्षी कोणता? त्याला खायला काय ठेवू?

गोदाकाठची:

नमस्कार मंडळी. आमचं घर निफाड तालुक्यात, मळ्यातच. चहूबाजूंनी द्राक्षबागा आणि घरापुढे माझी छोटी बाग. एक आंबा, शेवगा, लिंबू, कढीपत्ता, कुंपणाला अबोली नि कोरांटी, नळाशी अळू. नांदूरमध्यमेश्वरचं पक्षी अभयारण्य इथून जवळ, त्यामुळे थंडी पडली की आमच्याकडे येणारे सगळे बदकं आणि क्रौंच बघायला तिकडे पळतात. माझा जीव मात्र अंगणातल्याच एका पक्ष्यात अडकलाय.

दिवाळीच्या सुमारास आला. चिमणीएवढा, पण अंगानं सडपातळ. डोकं, छाती काळी, पाठ काळपट, पोट आणि शेपूट विटकरी. नळाच्या तोटीवर बसतो, पुढे झुकतो आणि शेपूट अशी थरथर हलवतो की नुसतं बघत राहावं. मधेच खाली झेप घेतो, काहीतरी उचलतो, परत तोटीवर. पहाटे नीट उजाडायच्या आधी हजर, आणि संध्याकाळी अंधार पडेपर्यंत हलत नाही. गेल्या हिवाळ्यातही याच नळावर असाच एक होता.

सासूबाई रोज अंगणात बाजरी टाकतात. चिमण्या, होले तुटून पडतात, हा ढुंकूनही बघत नाही. पोळीचा चुरा ठेवला, भात ठेवला, तरी नाही. इथली थंडी तुम्हाला माहीत आहेच. उपाशी तर राहत नसेल ना? आणखी एक, आंब्याखाली पाल्याचा खच पडलाय. तो झाडून पेटवून द्यावा असं घरात सगळ्यांचं म्हणणं आहे. मला का कोण जाणे, ते नको वाटतंय.

रानवाट:

थिरथिरा! वर्णन इतकं नेमकं केलंत की फोटोची गरजच नाही. काळी छाती म्हणजे नर. मादी सगळी मातकट तपकिरी असते, फक्त शेपूट तशीच विटकरी. ऑक्टोबरात येतो आणि साधारण मार्चपर्यंत राहतो. गेल्या वर्षीचा तोच असणं अगदी शक्य आहे, हे पक्षी पुष्कळदा हिवाळ्याची जुनी जागा पुन्हा धरतात.

वाईच्या बाई:

ताई, काळजी करू नका, तो उपाशी नाही. थिरथिरा दाणे खाणारा पक्षीच नाही. मुंग्या, भुंगेरे, कोळी, अळ्या हे त्याचं जेवण. हिमालयात आणि मध्य आशियात बर्फ पडलं की किडे संपतात, म्हणून तो खाली उतरतो. थंडीपेक्षा भूक त्याला इथवर आणते. तेव्हा त्याला खायला काय ठेवायचं याचं उत्तर तुमच्या आंब्याखालीच पडलंय. तो पाला पेटवू नका!

एकदा काडीनं पाल्याचा वरचा थर उचलून बघा. खालची पानं ओलसर, काळपट, एकमेकांना चिकटलेली असतात. त्यांत कोळी पळतात, रातकिड्यांची पिल्लं उड्या मारतात, कुठे भुंगेऱ्याची पांढरी अळी वेटोळं करून पडलेली असते. माझ्याकडे सातभाईंची टोळी रोज सकाळी येते आणि हा खच चोचीनं उलटापालटा करते. त्यांच्या मागोमाग दयाळ येतो, उडालेलं काही हाती लागतंय का ते बघत. हे सगळं काडेपेटीच्या एका काडीनं जातं, आणि वर धूर घरात. घरच्यांना पायवाट स्वच्छ हवी असेल तर तेवढी झाडा आणि पाला झाडांच्या बुडाशी ओढा. आळ्यात ओल टिकेल, उन्हाळ्यात पाणी कमी लागेल. हे कारण घरात लवकर पटतं, असा माझा अनुभव आहे.

आणि कुंपणाच्या कोरांटीत कान द्या. आतून कुणी ‘टक्... टक्...’ असं, दोन गोट्या आपटल्यासारखं, तासन्‌तास करत असेल तर तो ब्लिथचा वटवट्या. दिसत नाही सहसा, पण हिवाळाभर अशा दाट कुंपणांत असतो. त्यासाठी आत्ता कुंपण छाटू नका. आंब्यात लाल छातीचा माशीमार आहे का तेही बघा. छोटासा, शेपूट वर उचलतो आणि तिच्या बुडाशी दोन्ही बाजूंना पांढरं चमकतं. नावावर जाऊ नका, मादीला लाल छाती नसते.

पाण्याचं मात्र जरूर करा. मातीचं परळ, दोन बोटं खोल, मध्ये एक खडबडीत दगड. रोज पाणी बदलायचं, नाहीतर डास होतात. झुडपापासून थोडं लांब ठेवा, मांजर दबा धरून बसतं. तुमच्याकडे द्राक्षांवर फवारणी चालते, म्हणून एक विशेष सांगते: फवारणीच्या दिवशी परळ घरात घ्या, दुसऱ्या दिवशी घासून मग भरा. निदान घरापुढच्या बागेत तरी औषध मारू नका. किडे मेले तर त्या पाहुण्यानं खायचं काय?

गच्चीवाला:

बाईंशी शंभर टक्के सहमत. पुण्यात आमच्या सोसायटीत दाणे टाकायची पद्धत आहे. त्यानं फक्त पारवे वाढले. मी कुंड्यांत तुळशीच्या मंजिऱ्या न खुडता वाळू देतो, शेजारच्या कुंडीत गवत वाढू देतो. ठिपकेवाल्या मनोल्या आपणहून येतात.

गोदाकाठची, नोंदी ठेवताय तर ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाका. फेब्रुवारीच्या मध्यावर चार दिवस अंगणातल्या पक्ष्यांची गणना असते, भारतात 2013 पासून चालू आहे. किमान पंधरा मिनिटं बसून मोजायचं. गावांतून फार कमी याद्या येतात, तुमची यादी मोलाची ठरेल.

गोदाकाठची:

सगळ्यांचे मनापासून आभार. सासूबाईंना बाईंचा प्रतिसाद वाचून दाखवला. पाला आंब्याच्या आळ्यात ओढायचं त्यांनीच ठरवलं. बाजरी बंद करणार नाहीत, चिमण्यांवर त्यांचा फार जीव आहे.

एक राहिलंच. काळापांढरा धोबी रोज सकाळी गाडीच्या आरशाला चोची मारतो. चोच दुखावेल अशी भीती वाटते.

रानवाट:

आरशातल्या धोब्याला तो दुसरा नर समजतो आणि हद्दीतून हाकलायला बघतो. गाडी उभी केली की आरशावर कापडी पिशवी चढवा, लगेच थांबेल.