दाराला उंबरठा हवाच का?

वाड्यातली: पुढच्या महिन्यात फ्लॅटचा ताबा आहे, बघायला गेलो तर मेन डोअरला उंबराच नाही, पॅसेजच्या टाईल्स सरळ आत आल्यात. मी बसवून घेणार म्हणतेय आणि घरात सगळे विरोधात. अहो पण नवी सून माप कुठे ओलांडणार? आई रोज सडा झाला की उंबऱ्यावर रांगोळीची दोन बोटं ओढून हळदकुंकू वाहायची, मगच चहा. मी तिन्हीसांजेला तिथे बसले की आजी ओरडायची, नरसिंहाने हिरण्यकश्यपूला ना आत ना बाहेर असं उंबऱ्यावरच मारलं, ऊठ तिथून! उंबराच नसेल तर आपलं घर सुरू कुठून होतं?

तिसरा मजला: आमच्याकडे सासूबाई त्याच उंबऱ्याला अडखळून पडल्या, खुब्याचं ऑपरेशन झालं, आता वॉकर. दुसऱ्याच आठवड्यात काढून टाकला. रांगोळी फरशीवरही निघते ताई.

नगरकर: आमच्या नेवासा तालुक्यात शनि शिंगणापूरला घरांना चौकटी आहेत पण दारं नाहीत, २०११ मध्ये बँकेची शाखासुद्धा बिनकुलपाची उघडली. घर म्हणजे विश्वास, लाकडाची पट्टी नव्हे.

वाड्यातली: पण चौकट ठेवलीच ना त्यांनी? तेच म्हणतेय मी. आणि लग्नाच्या उंबरठ्यावर, ऑफिसांचे उंबरठे झिजवले, हे फ्लॅटमधल्या पोरांना कसं कळायचं?

ओसरीखाली: माझे आजोबा गावात ज्यांच्या शेतावर राबले त्यांच्या घराचा उंबरा त्यांनी जन्मात ओलांडला नाही. ओलांडू दिला नाही. ओसरीच्या खाली उभं राहायचं, पाणी वरून ओंजळीत, धान्य पदरात लांबून टाकायचे. तुम्हाला उंबरा म्हटलं की रांगोळी आठवते, आम्हाला हे. मी घर बांधलं तेव्हा मिस्त्रीला पहिलं सांगितलं, उंबरा नको.

वाड्यातली: दादा, हे वाचून खूप वेळ काही लिहिता आलं नाही. आमच्या वाड्यातही असंच चालत असणार, मी कधी विचारलं नाही. तरी मला वाटतं दोष आत उभं राहून अडवणाऱ्यांचा, लाकडाचा नाही.

ओसरीखाली: अडवणारे त्या लाकडाच्याच जोरावर अडवत होते ताई. तुम्ही बसवा, तुमचं घर आहे. मी नाही बसवणार.

तिसरा मजला: बसवलाच तर दोन्हीकडून उतरता घासून घ्या, वॉकरचं चाक अडकत नाही.