अकरा लाखांत घाटाची गाडी: जुनी अबार्थ पुंटो, पोलो टीएसआय की नवी आय-२० एन लाइन?

घाटवेडा:
मंडळी, राहायला कोल्हापुरात, गाव रत्नागिरीकडे. महिन्यातून दोनदा आंबा घाट होतोच. मॅन्युअलच हवी, आणि चालवताना मजा आली पाहिजे. सगळं धरून अकरा लाख आहेत. २०१६ ची, एकाच मालकाची अबार्थ पुंटो बघून आलोय, तेव्हापासून ती डोक्यातून जात नाही. घरचे म्हणतात, फियाट कंपनीने इथला गाशा गुंडाळलाय, ही गाडी गळ्यात कशाला घालून घेतोस? दुसरे पर्याय २०२१ ची पोलो १.० टीएसआय आणि नवी एन लाइन. काय करू?

टीजेटवाला:
सहा वर्षं अबार्थ वापरतोय, म्हणून सविस्तर लिहितो. १.४ टी-जेट टर्बो पेट्रोल इंजिन, १४५ पीएस ताकद, चारही चाकांना डिस्क ब्रेक. दोन हजार आरपीएमच्या खाली इंजिन सुस्त असतं, पण वळणातून दुसऱ्या गिअरवर बाहेर पडताना टर्बो भरला की अंगावर काटा येतो. स्टिअरिंग हायड्रॉलिक आहे. डांबर संपून खडी लागली की ती तळहाताला कळते. नव्या गाड्यांत मला हे कुठेच मिळालं नाही.

आता त्रास. ग्राउंड क्लिअरन्स १५५ मिमी. चौघं बसले की स्पीडब्रेकरवर गाडी तिरकी घालावी लागते. इंजिनाचं बरंचसं सामान फियाटच्याच लिनिया टी-जेटचं चालतं, पण बंपर फुटला तर शोधत फिरावं लागतं. टायमिंग बेल्ट बदलल्याची पावती मागा. नसेल तर घेतल्या घेतल्या बेल्ट आणि वॉटर पंप दोन्ही बदला. मला एका गॅरेजवाल्याने "अजून वर्षभर चालेल" म्हणून परत पाठवलं होतं. दुसरीकडे कव्हर उघडलं तर बेल्टला कडेने भेगा पडलेल्या. तुटला असता तर अख्खं इंजिन खोलावं लागलं असतं.

गाडी सकाळी, गार असतानाच बघा. आधी बॉनेटवर हात ठेवा, मग स्टार्ट करायला सांगून सायलेन्सरपाशी उभे राहा. निळा धूर आला तर तिथूनच परत फिरा. २०१६ ची गाडी ई-२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलसाठी बनलेली नाही, तेव्हा इंधनाचे रबरी पाइपही नीट बघून घ्या.

चाकणकर:
पोलो घ्या. ११० पीएस, सहा गिअर, घाटात पुरून उरते. २०२२ मध्ये बंद झाली खरी, पण १.० टीएसआय इंजिन फोक्सवॅगनच्याच व्हर्टसमध्ये आहेच, सामानाची चिंता नाही.

क्लचप्रेमी:
२२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या पेट्रोल गाड्यांवर जीएसटी १८ टक्के झालाय, त्यामुळे एन लाइन तुमच्या आवाक्यात आली आहे. १२० पीएस आणि वॉरंटी. स्टिअरिंग मात्र हलकं वाटतं. जुनी बघत असाल तर जपून: सुरुवातीच्या आयएमटी गाड्यांना क्लच पेडलच नाही.

टीजेटवाला:
एक विचारायचं राहिलं. घरात दुसरी गाडी आहे का? एकच गाडी असेल तर मीसुद्धा पोलोच सांगेन. अबार्थ एखाद्या सामानासाठी पंधरा दिवस उभी राहिली तर घर अडतं.

घाटवेडा:
बाबांची वॅगन आर आहे, रोजचं काम तिच्यावर भागतं. मालकांना आत्ताच फोन केला, बेल्टची पावती आहे म्हणाले. शनिवारी सात वाजता आमच्या मिस्त्रींना घेऊन जातोय. मालक म्हणाले, तुम्ही येईपर्यंत गाडी गरम करून ठेवतो. म्हटलं, काका, तेवढं नका करू.